मेडिक्लेम, योजनेचं कार्ड की घाटी? मराठवाड्यातल्या रुग्णाच्या बाजूने परीक्षण

खासगी विमा बरा की सरकारी दवाखाना, असं मराठवाड्यात कुणालाही विचारलं की उत्तर ऐपतीवरून मिळतं. पैसा असला तर मेडिक्लेम, नसला तर घाटी, म्हणजे संभाजीनगरचं मोठं सरकारी रुग्णालय. हे उत्तर फसवं आहे. शेतात साप चावला तर पाच एकरवाल्याने आणि पन्नास एकरवाल्याने, दोघांनीही पहिली धाव सरकारी दवाखान्याकडेच घ्यावी. पित्ताशयातले खडे सवडीने काढायचे असतील तर जुना मेडिक्लेम हाताशी असलेला माणूस सगळ्यात सुखी. आणि रोज शुगर-बीपीच्या गोळ्या लागणाऱ्या माणसाला तोच मेडिक्लेम वर्षभर छदामाच्याही उपयोगाचा नाही. कुठे जायचं हे आधी रोगावर ठरवावं, खिशावर नंतर.

शिवाय ही तुलना दोघांची नाही, तिघांची आहे. एक, सरकारच्या अंदाजपत्रकातून चालणारा दवाखाना: प्राथमिक आरोग्य केंद्रापासून घाटीपर्यंत. दोन, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तिला जोडलेलं आयुष्मान कार्ड. इथे पैसा सरकारचा असतो, पद्धत विम्याची आणि दवाखाना बहुतेकदा खासगी. तीन, स्वतः हप्ता भरून घेतलेला मेडिक्लेम. गावाकडे दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरमिसळ फार होते. "आमचा विमा आहे" म्हणत माणूस दवाखान्यात येतो, हातात आयुष्मान कार्ड असतं आणि दवाखाना त्या योजनेत नसतो. मग रात्री अकरा वाजता अनामत रकमेची शोधाशोध सुरू होते.

सरकारी दवाखाना

उतरंड सगळ्यांना माहीत आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल आणि वर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. संभाजीनगरची घाटी १९५६ पासूनची. त्यानंतर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख महाविद्यालय आलं. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीलाही महाविद्यालयं मिळाली, म्हणजे कागदावर आता आठही जिल्हे भरले. पण नव्या ठिकाणी पाटी आधी बदलते आणि माणसं मागाहून येतात. मेंदूची शस्त्रक्रिया, हृदयरोग, नवजात बाळाची शस्त्रक्रिया अशा कामांसाठी जुन्या चारांवरचा भार अजून तसाच आहे. घाटीत तर जालना, बुलडाणा, अहिल्यानगर आणि खानदेशातूनही रुग्ण येतात.

पैशाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले, पण ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत: प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. घाटीसारखी महाविद्यालयाची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात आणि तिथे केस पेपर व तपासण्यांचं शासकीय शुल्क आकारलं जातं. रक्कम किरकोळ असते, पण "सगळं फुकट आहे ना?" म्हणून खिडकीवर हुज्जत घालण्यात तास जातो आणि तोवर ओपीडीचा नंबर मागे पडतो.

काय चांगलं मिळतं? पहिलं म्हणजे सर्पदंश. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मोफत असतं. विष भिनल्याची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच त्याच्या ८ ते १० व्हायल, म्हणजे कुप्या, लागतात. २० मिनिटं काचेच्या नळीत रक्त ठेवून ते गोठतं की नाही हे पाहण्याची साधी चाचणी प्राथमिक केंद्रातही करता येते. घोणस चावली तर किडनीवर येऊ शकतं आणि डायलिसिस लागतं. मण्यार चावली तर श्वास बंद पडू शकतो आणि व्हेंटिलेटर लागतो. म्हणून पहिला डोस जवळच्या केंद्रात घ्यायचा आणि लगेच १०८ च्या रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात जायचं, हाच क्रम. आधी मोठा दवाखाना गाठू म्हणून प्रतिविष न घेता ऐंशी किलोमीटर गाडी पळवणं, ही पावसाळ्यात होणारी सगळ्यात महागडी चूक आहे.

दुसरं, कुत्रा चावल्यावरची लस. सरकारी दवाखान्यात ती चामडीत देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. जखम खोल असेल तर जखमेभोवती सीरमही भरावं लागतं. ही सगळी ओपीडीची कामं आहेत, दाखल व्हावं लागत नाही, म्हणून साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाहीत. टीबीचं तसंच. संपूर्ण औषधोपचार मोफत, वर निक्षय पोषणाचे महिना १,००० रुपये खात्यात. खासगीत निदान झालं तरी नोंदणी करून सरकारी औषधं घेता येतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. बाळंतपण, सिझेरियन, रक्त, जेवण, घरून नेणं-आणणं आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. उलट खासगी पॉलिसीत बाळंतपण एक तर नसतंच, असलं तर ९ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतची वाट आणि वर रकमेची मर्यादा.

आता बिघडतं कुठे ते पाहू. बाहेरची चिठ्ठी, हे पहिलं दुखणं. दाखल केलं, डॉक्टर चांगले, पण अँटिबायोटिक, हाडाची प्लेट किंवा एखादी तपासणी "बाहेरून आणा". याचं मूळ खरेदीत आहे. आधी सरकारी हाफकिन महामंडळामार्फत आणि आता स्वतंत्र खरेदी प्राधिकरणामार्फत होणारी औषधखरेदी मागणीच्या मागे पडते आणि मधलं खिंडार रुग्णाच्या खिशातून बुजवलं जातं. चिठ्ठी हातात पडली की मेडिकलकडे धावू नये. तीच गोष्ट वॉर्डात दुसऱ्या नावाने आहे का हे सिस्टरना विचारावं, मग समाजसेवा अधीक्षकांची खोली गाठावी. महाविद्यालयाच्या रुग्णालयांत हे पद असतं आणि निराधार रुग्णांसाठी औषधांची सोय करणं हे त्यांचं कामच आहे. बहुतेक नातेवाईक त्या दारापर्यंत कधी पोचतच नाहीत.

दुसरं दुखणं रेफर. प्राथमिक केंद्रातून ग्रामीणला, तिथून उपजिल्ह्याला, तिथून सिव्हिलला आणि शेवटी घाटीला किंवा विष्णुपुरीला. प्रत्येक पायरीवर तास-दीड तास जातो आणि शेवटच्या पायरीवर पोचतो तो थकलेला, उशीर झालेला रुग्ण. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. औषधं आणि मनुष्यबळावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि ती रास्तच होती. पण खालच्या चार पायऱ्या रिकाम्या ठेवून सगळा भार पाचवीवर टाकला तर ती पायरी कुठल्याही डीनच्या हाताखाली वाकेल.

तिसरं अगदी साधं आहे, पण फेऱ्या वाया घालवतं: युनिटचा वार. ज्या युनिटने, म्हणजे डॉक्टरांच्या पथकाने, ऑपरेशन केलं त्यांची ओपीडी आठवड्यातल्या ठरलेल्या वारीच असते. डिस्चार्ज कार्डावर तो वार लिहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी गेलात तर भलताच डॉक्टर फाईल उघडून "सोमवारी या" म्हणतो आणि किनवटहून नांदेडला आलेला माणूस तसाच परततो.

जन आरोग्य योजना: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात गैरसमजाची

ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातला नांदेड त्या पहिल्या आठांत होता. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. तेव्हा राज्याचं कवच कुटुंबाला वर्षाला दीड लाख होतं. जुलै २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाखांवर गेलं, उपचारांची यादी १,३५६ वर आली आणि पांढरं रेशन कार्डवालेही आत आले. अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना मात्र ती त्याआधीच लागू होती, कारण आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत हे आठ होते. तेव्हा सातबारा किंवा तलाठ्याचा दाखला जोडावा लागे. गावोगावी अजूनही कुणीतरी "आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही मिळत नाही" सांगतो. ते जुनं झालं.

खासगी विम्यापेक्षा ही योजना दोन ठिकाणी सरळ सरस आहे. हप्ता नाही आणि वाट पाहण्याचा काळ नाही. काल कॅन्सरचं निदान झालं तर आज नोंदणी करून केमोथेरपी सुरू करता येते. असलेला आजार, वय, आधीचं ऑपरेशन काहीही आड येत नाही. खासगी पॉलिसी या माणसाला दारातही उभं करणार नाही.

काम असं चालतं. योजनेतल्या दवाखान्यात, म्हणजे अंगीकृत रुग्णालयात, आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. तिथे रेशन कार्ड आणि आधार दाखवायचं. तो ऑनलाइन नाव तपासतो आणि नोंदणी करतो. डॉक्टर निदान करून तपासण्यांचे अहवाल चढवतात आणि पूर्वमंजुरी मागतात. नियमाने ती साधारण २४ तासांत यायला हवी. तातडीच्या रुग्णात आधी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून. मंजुरी आली की ठरलेल्या पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, औषधं, इम्प्लांट, जेवण सगळं येतं. डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांतली औषधं आणि तपासणीही त्यातच. वरून एक रुपया घेण्याचा दवाखान्याला अधिकार नाही.

अडतं ते जवळपास नेहमी याच जागांवर.

रेशन कार्डावर नाव नसणं. नवी सून, लहान मूल, वेगळा झालेला भाऊ. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आणि त्यात प्रत्येकाचं नाव, आधारवरच्या स्पेलिंगसकट, आजार नसताना तपासून ठेवायचं काम आहे. पांढऱ्या कार्डाची ऑनलाइन नोंदच नसणं, ही शहरातल्या मध्यमवर्गाची ठरलेली अडचण. तहसीलच्या पुरवठा विभागात हे होतं, पण आयसीयूत माणूस असताना ते करायला गेलात तर दिवस हातचे जातात. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या कुटुंबांनी कार्ड गावातल्या म्हाताऱ्यांकडे ठेवून जाऊ नये. योजना राज्यभर चालते, सांगलीत काय नि कोल्हापुरात काय, पण कार्डाचा क्रमांक तरी जवळ लागतो.

दवाखाना योजनेत आहे, पण तुमच्या आजारासाठी नाही. अंगीकृत होणं हे विभागावर असतं. हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. म्हणून "योजना आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. "या आजारासाठी, या ऑपरेशनसाठी आहे का?" असं विचारायचं. दवाखान्यात नव्हे, निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर. आयुष्मानसाठी १४५५५.

काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगीत ते या योजनेत होत नाहीत. यात दवाखान्याची लबाडी नसते, नियमच तसा आहे.

आणि लबाडी कुठे असते? "कोटा संपला", "मशीन बंद आहे", "योजनेतून करायचं तर पंधरा दिवसांनी, पैसे भरले तर उद्या." कोटा नावाची गोष्ट योजनेत नाही. पॅकेजचे दर आणि पैसे मिळायला लागणारा वेळ यावर दवाखाने नाराज असतात, काही दरांबाबत त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण त्याची वसुली रुग्णाकडून "चांगलं इम्प्लांट हवं तर फरक भरा" म्हणून करणं नियमबाह्य आहे. असे पैसे मागितले तर पावती मागावी. पावतीवर कारण लिहायची वेळ आली की बहुतेक मागण्या विरघळतात.

तपासण्यांचा पेच मात्र खरा आहे. योजनेत बसणारा आजार निघाला तर निदानाच्या तपासण्या पॅकेजमध्ये धरल्या जातात. नाही निघाला तर खासगीत त्यांचे पैसे पडतात. छातीत दुखतंय म्हणून अँजिओग्राफी केली आणि ब्लॉकेज नसलं, तर बिल तुमचं. म्हणून संशयाच्या पायरीवर तपासण्या सरकारीत, उपचाराच्या पायरीवर योजना, अशी वाटणी जमत असेल तर ती शहाणपणाची.

एक बाब जवळपास कुणी सांगत नाही. घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथेही ही योजना आहे आणि सरकारीत दाखल असतानाही नोंदणी करावी. उपचार तसेही होणार, मग कार्ड कशाला, असं वाटतं. पण योजनेतून रुग्णालयाला पैसे मिळतात आणि त्यातून इम्प्लांट, स्टेंट, महाग औषध आणता येतं. नोंदणी नसलेल्या रुग्णाच्या हाती बाहेरची चिठ्ठी पडण्याची शक्यता जास्त. दाखल झाल्याच्या दिवशीच आरोग्यमित्र गाठावा, तिसऱ्या दिवशी नव्हे.

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढावं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरेसं आहे. मेडिक्लेम असला तरी मिळतं. पेन्शनर मास्तरांपासून बंगलेवाल्यांपर्यंत सगळे पात्र असून काढलेले मोजकेच दिसतात.

मेडिक्लेम: वेग विकत मिळतो, अटींसकट

खासगी विम्याची जमेची बाजू झाकायचं कारण नाही. ठरवलेलं ऑपरेशन ठरलेल्या दिवशी, हव्या त्या डॉक्टरकडून, स्वतंत्र खोलीत. पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयात शिरायचं तरी हाच पास. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट दवाखान्याला देण्याची, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. उशिरामुळे वाढलेलं बिल कंपनीने सोसायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. हर्निया, मूळव्याध, मुतखडा, मोतीबिंदू, गुडघा अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने. पाच वर्षं सलग हप्ता भरला की, सिद्ध झालेली फसवणूक सोडता, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणजे मेडिक्लेम हे आजारपणात घ्यायचं औषध नव्हे. पन्नाशीत शुगर निघाल्यावर एजंटला फोन करणाऱ्यांना हाच धक्का बसतो.

सगळ्यात जास्त पैसे कुठे जातात? खोलीच्या भाड्यात, आणि तेही न कळता. समजा विमा तीन लाखांचा, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. रुग्ण ६,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. बिल असं: खोली २४,०००, सर्जन-भूल-ओटी (ऑपरेशन थिएटर)-नर्सिंग ८०,०००, औषधं आणि इम्प्लांट ३६,०००. एकूण १,४०,०००. माणूस हिशोब करतो की फरक फक्त खोलीचा, १२,००० आपण भरू. पण खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून खोलीशी जोडलेले बाकीचे आकारही निम्मेच मंजूर होतात. खोलीचे १२,०००, सर्जन वगैरेचे ४०,००० आणि औषधांचे पूर्ण ३६,००० मिळून कंपनी देते ८८,०००. खिशातून गेले ५२,०००. वर ग्लोव्हज, डायपर, नोंदणी शुल्क असल्या न धरल्या जाणाऱ्या वस्तू वेगळ्या. उपाय दोनच: मर्यादा नसलेली पॉलिसी किंवा मर्यादेतली खोली. मर्यादेतली खोली शिल्लक नसेल तर तसं दवाखान्याकडून लेखी घ्यावं.

दुसरी खोच केस पेपरवरची एक ओळ. दाखल होताना निवासी डॉक्टर विचारतो, "बीपी कधीपासून?" नातेवाईक घाईत म्हणतो, "असेल आठ-दहा वर्षं." ती ओळ इंग्रजीत कागदावर उतरते आणि पॉलिसी चार वर्षांची असेल तर कंपनी म्हणते, आजार लपवला. नेमकी तारीख माहीत नसेल तर अंदाज सांगू नये, जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवावं. आणि अर्ज भरताना खरं लिहावं. एजंट "टाकू नका, हप्ता वाढेल" म्हणाला तरी सही तुमची असते.

तिसरी अडचण मराठवाड्याची खास. कॅशलेसचं जाळं संभाजीनगर, लातूर, नांदेडपुरतं दाट आहे. गेवराई, भोकरदन, उमरगा, वसमतला विरळ. जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं तर आधी पैसे भरून नंतर मागायचे, म्हणजे रिइम्बर्समेंट. त्यात दवाखान्याची नोंदणी पाहिली जाते. नोंदणी नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावी किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, सुसज्ज ओटी या अटी लागतात. सहा खाटांच्या विनानोंदणी दवाखान्यातला डेंग्यूचा दावा इथेच अडकतो. आणि डेंग्यू-टायफॉइडमध्ये "घरी बसून बरं होण्यासारखं होतं, दाखल कशाला केलं?" हा शेरा हमखास येतो. प्लेटलेटचा रोजचा आलेख आणि दाखल करण्याचं डॉक्टरांनी लिहिलेलं कारण नसेल तर तो खोडता येत नाही.

काही कंपन्या हप्ता गावानुसार ठरवतात. मराठवाड्याचा पत्ता असला की हप्ता स्वस्त, पण उपचार पुण्या-मुंबईत घेतले तर अशा पॉलिसीत बिलाचा ठरावीक वाटा रुग्णाने भरायचा असतो. गंभीर रुग्ण आपण नेतो कुठे? पुण्यालाच. स्वस्त हप्त्याचं कौतुक करण्याआधी हे कलम शोधावं.

साधी, सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींची पॉलिसी हवी असेल तर आरोग्य संजीवनी पाहावी. त्यात खोलीला विमा रकमेच्या दोन टक्के, कमाल ५,०००, आयसीयूला पाच टक्के, कमाल १०,००० आणि प्रत्येक दाव्यात पाच टक्के तुमचे. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, जे कमी ते. तालुक्याच्या-जिल्ह्याच्या दवाखान्यांना हे पुरतं, मुंबईच्या कॉर्पोरेटला अपुरं.

खासगीबद्दल एक कडू गोष्ट मात्र बोलायलाच हवी. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्याच्या समितीने पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. जिथे प्रत्येक ऑपरेशनचे वेगळे पैसे मिळतात तिथे न लागणारं ऑपरेशन होण्याचा धोका असतो. जिथे डॉक्टरचा पगार ठरलेला असतो तिथे लागणारं ऑपरेशन पुढच्या सोमवारवर ढकललं जाण्याचा. मेडिक्लेम किंवा योजनेचं कार्ड हातात असलं की पहिला धोका वाढतो, कारण बिल दुसरा कुणी भरतोय म्हणून घरचेही प्रश्न विचारत नाहीत. तातडी नसलेल्या कुठल्याही ऑपरेशनआधी सिव्हिलच्या किंवा महाविद्यालयाच्या ओपीडीत दुसरं मत घ्यावं. त्याला एक सकाळ लागते.

दोन बाजूच्या वाटा

संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांनी मेडिक्लेमच्या आधी पगाराची चिठ्ठी पाहावी. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असतं: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. यात ओपीडी आहे, औषधं आहेत, घरचे आहेत आणि आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही आहे. शेवटची गोष्ट कुठलाही मेडिक्लेम देत नाही. चिठ्ठीत कपात दिसते पण ई-पेहचान कार्ड कुणी काढलेलं नसतं, हीच काय ती रड.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,०००. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. ही मागणी दाखल होतानाच लेखी द्यावी. बिल झाल्यावर मागितली तर "आधी सांगायचं होतं" हे उत्तर तयार असतं.

अडलं तर कुठे जायचं

योजनेत: आरोग्यमित्र, मग जिल्हा समन्वयक, मग हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक घेऊन पाठपुरावा. माणूस दाखल असतानाच बोलावं, घरी गेल्यावर नव्हे. सरकारी दवाखान्यात: वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी अर्ज, पोच घेऊन, आणि जोडीला आपले सरकार पोर्टल.

मेडिक्लेमचा दावा नाकारला तर पहिली पायरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. त्यात नाकारण्याचं कलम लेखी मागायचं, फोनवरचं ऐकून सोडायचं नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही, दाव्याची मर्यादा ५० लाख. सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, संपूर्ण केस पेपरच्या झेरॉक्स आणि खोचेच्या जागी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं स्पष्टीकरण जोडायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. रुग्णावर नसतो. पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं.